एल्कसाठी करवत नको, दोन सुऱ्या पुरतात

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात शिकारीत एल्क (मोठ्या आकाराचं हरीण) पडतो तेव्हा गाडी हमखास कोसभर लांब असते. मांस पाठीवरून न्यायचं, त्यात करवत-कुऱ्हाडीचं ओझं कशाला?

१. पातं बदलता येणारी सुरी घ्या, १०० ग्रॅमच्या आतली, आणि जादा पाच-सहा पाती. केसांतल्या मातीने धार पटकन जाते. दगडावर घासत बसण्यापेक्षा पातं बदललेलं बरं.

२. पोट फाडूच नका. जनावर कुशीवर ठेवून कण्यापासून खाली कातडी सोला आणि फरे (खांद्या-मांडीसकट पाय) सुटे करा. पुढच्या फऱ्याला धडाशी हाडाचा सांधाच नसतो. पाय वर उचलून धरा, मागचं मांस कापत जा, आख्खा फरा हातात येतो. मागचा तेवढा खुब्यात सोडवावा लागतो.

३. मांस भरायच्या पिशव्या सुती नकोत, पातळ नायलॉनच्या घ्या. रक्त धुऊन लगेच वाळतात.

मात्र खुब्यात ते पातळ पातं घालून पिळायचं नाही. तडकन मोडतं, आणि तुकडा मांसात राहतो. तिथे छोटी, न दुमडणारी सुरी वापरा. वापरलेली पाती औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाका.