खोकी रिकामी झाल्यावर

रिटायरमेंट कम्युनिटीत नवीन आलेलं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "करमतं का हो इथे?" खरं सांगू? मला पहिले चार महिने अजिबात करमलं नाही. मी आयुष्यात दोनदा बिऱ्हाड हलवलंय, एकदा तरुणपणी देश सोडला तेव्हा आणि दुसऱ्यांदा आठ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा, आणि या दुसऱ्या वेळी वाटलं होतं की आता काय, ना नोकरी शोधायची ना मुलांच्या शाळा, सगळं सोपंच असणार. झालं उलटंच. परक्या देशात नोकरी आणि शाळा यांनीच मला लोकांत ढकललं होतं, हे तेव्हा कळलंच नव्हतं. इथे ढकलणारं कोणी नसतं. खोकी रिकामी झाली, पडदे लागले, मुलं परत गेली, की तुम्ही आणि टीव्ही.

अजून घर निवडायचं असेल तर एक ऐका, कॉरिडॉरच्या टोकाचं शांत घर घेऊ नका. आम्ही ते घेतलं आणि पस्तावलो, कारण तिकडे कोणी फिरकतच नाही. १९५० साली लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीचा एक अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की जिन्याजवळ, पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त, स्वभावाचा प्रश्नच नाही, येता-जाता माणसं दिसतात म्हणून. टोकाचं घर आधीच घेऊन बसला असाल तर रोज ठरावीक वेळी खाली लिफ्टसमोरच्या बाकावर जाऊन बसा. मी पेपर घेऊन बसायचे. पहिला आठवडा पेपर खरंच वाचून झाला, नंतर कधीच नाही.

आता डायनिंग हॉल. पहिल्याच दिवशी मी खिडकीपाशी बसले तर एक बाई काठी टेकत आल्या आणि काही न बोलता नुसत्या माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. ती त्यांची खुर्ची, म्हणे पाच वर्षांची. मला इतका राग आला की दोन दिवस खोलीतच जेवले. तुम्ही असं करू नका. "इथे कोणी बसतं का?" एवढं विचारायचं, नाही जमलं तर पुढच्या टेबलावर जायचं, पहिला महिना मुद्दाम टेबलं बदलत राहायची. आणि घाईने निकाल लावू नका. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० च्या वर. आपण तीन वेळा जेवून येतो आणि म्हणतो, इथली माणसं काही आपल्यासारखी नाहीत बाई. ती काठीवाली बाई आता रोज माझ्यासाठी शेजारची खुर्ची अडवून ठेवते, नवीन कोणी बसायला आलं तर मीच संकोचते.

यावरून आमच्या ह्यांचं सांगते. हे हळूहळू खाली यायचेच बंद झाले, पत्त्यांना नाही, गाण्याला नाही, आणि मी आपली चिडतेय की माणूस घुम्या झाला. शेवटी कान तपासले तेव्हा कळलं, एकट्याशी बोलताना ऐकू येत होतं पण चार जण एकदम बोलले की नुसता कलकलाट, मग चुकीचं उत्तर देऊन हसं होण्यापेक्षा न आलेलं बरं. बहिरेपणाकडे दुर्लक्ष करणं हे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या गोष्टींत मोजतात, तेव्हा लाजू नका, कानाचं मशीन लावा. आणि हॉलमध्ये पाठ भिंतीकडे करून बसा, किचनच्या दारापासून लांब, खूप फरक पडतो.

व्यायामाबद्दल सगळेच सांगतात म्हणून थोडक्यात, नुसतं चालणं पुरत नाही, तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी करा असं डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, ६५ च्या पुढच्यांना सांगतं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, सतरंजी गुंडाळून टाका. ॲग्रीमेंटही स्वतः वाचा, मुलांवर सोडू नका. दोघांपैकी एकाला कायमची नर्सिंग लागली तर काय, मासिक चार्जेस कसे वाढतात, सोडून गेलो तर डिपॉझिट किती आणि कधी परत, हे तोंडी नको, लेखी हवं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे इथे पाहुण्यासारखं राहणं. सगळं आयतं मिळतं ना, दिवा गेला की माणूस येतो, कचरा नेतात, आणि बघता बघता आपल्यावाचून कुणाचं काही अडेनासं होतं. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला, काही जणांना बारीकसारीक निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एक रोप दिलं, दुसऱ्यांचं सगळं, रोपासकट, स्टाफ बघत होता. पहिले जास्त तरतरीत आणि आनंदी दिसले. म्हणून ॲक्टिव्हिटीज नंतर, आधी एक काम पकडा, लहानच पण नेमाचं, न केलं तर लोक विचारतील असं. कमिटीत मात्र पहिल्या वर्षी शिरू नका, पार्किंगवरून जी भांडणं होतात ती बघून पळून जाल.

मी एंट्रन्सच्या कुंड्या घेतल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका नवीन गृहस्थांना पाणी घालायला सांगितलं, त्यांनी इतक्या मनापासून घातलं की दोन रोपं कुजली. बिचारे स्वतः जाऊन नवीन घेऊन आले आणि मला न सांगता लावली, तीही भलत्याच रंगाची. आता मंगळवार त्यांचा, शुक्रवार माझा. रविवारला अजून कोणी नाहीये, झारी लिफ्टच्या मागे असते.