टायमिंग बेल्ट कधी बदलावा, आणि नागपुरात त्याला किती खर्च येतो

गाडीच्या बिलावर नुसते ‘बेल्ट बदलला’ असे लिहिले असेल, तर कोणता बेल्ट बदलला हे पहिल्यांदा विचारून घ्यावे. आमच्या घरी 2009 सालची जुनी सॅन्ट्रो घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने दिलेल्या बिलांच्या गठ्ठ्यात असेच एक बिल होते आणि त्या दोन शब्दांवर विसंबून आम्ही तीन वर्षे निर्धास्त राहिलो. बदललेला होता तो अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा पट्टा, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात. इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, मात्र कारखान्यातून निघाला तसाच होता. 2019 च्या मे महिन्यात अमरावतीहून परत येताना कोंढाळीच्या अलीकडे गाडी कसलाही आवाज न करता बंद पडली, तेव्हा तिचे वय दहा वर्षे होते आणि ती चाललेली होती अवघी 71 हजार किलोमीटर.

त्या दुपारची एक गोष्ट प्रत्येक गाडीमालकाला माहीत असावी असे मला वाटते. किल्ली फिरवली की सेल्फ नेहमी थोडा अडखळत, दम लावत इंजिन फिरवतो. त्या दिवशी तो शिलाई मशीन मोकळी फिरावी तसा सलग, हलका आणि भरभर फिरत होता. रस्त्याकडेच्या दुकानातले मिस्त्री तो आवाज ऐकून धावतच आले आणि म्हणाले, “भाऊ, सेल्फ नका मारू आता, पट्टा गेला हो.” बेल्ट तुटल्यावर वॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरच्या झडपा, जागच्या जागी थांबतात, काही उघडेच राहतात, सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही आणि म्हणून सेल्फला विरोध जाणवत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली, किंवा गाडीला धक्का मारून चालू करण्याचा प्रयत्न केला, तर खाली-वर होणारा पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आणखी आदळतो. आमची चार वेळा किल्ली फिरवून झालेली होती. हेड, म्हणजे वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडले तेव्हा सात वॉल्व्ह वाकलेले निघाले.

हे का घडते, ते थोडक्यात सांगतो. पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना टायमिंग बेल्ट एका तालात बांधून ठेवतो, म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा पूर्ण होतो. आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व्ह एकच जागा आळीपाळीने वापरतात. एक वर येतो तेव्हा दुसरा बाजूला झालेला असतो, आणि बेल्ट तुटला की ही शिस्त एका क्षणात संपते. काही थोड्या इंजिनांत दोघांमध्ये पुरेसे अंतर असल्यामुळे नुकसान होत नाही, परंतु आपले इंजिन त्यांपैकी आहे असे गृहीत धरू नये.

आपल्या गाडीत बेल्ट आहे की तेच काम करणारी धातूची साखळी, म्हणजे चेन, हे आधी ठरवावे, कारण चेन असल्यास हा खर्च ठरावीक मुदतीने करावा लागत नाही. तिथे वेळेवर ऑइल बदलणे आणि थंड इंजिन चालू करताना साखळीचा खडखडाट येतो का यावर लक्ष ठेवणे पुरते. मारुती 800, ओम्नी, जुनी झेन, एस्टीम आणि अल्टो 800 यांत बेल्ट आहे. के-सिरीज इंजिनाच्या मारुती गाड्यांत आणि स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये चेन आहे. जुन्या सॅन्ट्रोत बेल्ट आहे, तर आय-टेनच्या 1.2 कप्पा इंजिनात चेन. डस्टरचे 1.5 डिझेल, पोलो आणि व्हेंटोचे डिझेल, फोर्ड फिगो व इकोस्पोर्टचे डिझेल आणि टाटा इंडिकाचे जुने डिझेल ही सगळी बेल्टवर चालणारी इंजिने. जुन्या इनोव्हाच्या 2.5 डिझेललाही बेल्ट आहे, पुढे आलेल्या क्रिस्टाच्या 2.4 डिझेलला चेन. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक आणि डिझेलला दुसरे असे असू शकते, त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता पाहावा, किंवा सतरा अक्षरी चासी नंबर सांगून सुट्या भागांच्या काउंटरवर विचारावे.

आता मुख्य प्रश्न. बहुतेक कंपन्यांची मुदत 60 हजार ते 1 लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, काही नव्या इंजिनांची त्याहून जास्त, आणि किलोमीटरच्या शेजारीच वर्षांचा आकडा दिलेला असतो. या दोहोंपैकी जे आधी येईल ते धरायचे असते. आपल्याकडे लोक किलोमीटर पाठ ठेवतात आणि वर्षे विसरतात, आणि माझ्या मते सर्वाधिक बेल्ट याच चुकीपायी तुटतात. धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सला कार्यालयात जाणारी आणि वर्षातून दोनदा गावी जाणारी गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच चालते. तिचे 60 हजार पूर्ण व्हायला नऊ-दहा वर्षे लागतील, आणि रबर तोवर थांबत नाही. रबर उभ्या गाडीतही जुने होते, उष्णतेत अधिक लवकर कडक होते, आणि आतील काचतंतूंची दोरी हळूहळू थकत जाते.

नागपूरच्या गाडीसाठी म्हणूनच मी मुदतीतला खालचा आकडा धरावा असे सांगेन. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, गाडी दिवसभर उघड्यावर तापते, आणि मग ती शंकरनगर चौकातल्या किंवा वर्धा रोडवरच्या गर्दीत एसी लावून रांगत चालते. मॅन्युअलमध्ये ‘कठीण परिस्थितीतील वापर’ म्हणून जे वेगळे सदर असते, त्यात जास्त उष्णता, धूळ, कमी अंतराच्या फेऱ्या आणि थांबत-चालत वाहतूक हे सगळे मोडते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्या गाड्यांना धुळीचा भाग अधिक असतो, आणि बेल्टवरचे प्लास्टिकचे झाकण फुटलेले असेल तर ती धूळ थेट दातांत जाते. मुदत जवळ आली असेल तर काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याच्या बरेच आधी उरकून घ्यावे. मुंबई-शिर्डीकडे समृद्धी महामार्गाने जाण्याचा बेत असेल तर निघण्यापूर्वी करावे, कारण ताशी 120 किलोमीटर वेगाने तासन्‌तास धावताना इंजिन बंद पडले, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची काळजी मोठी असते.

जुनी गाडी घेतली आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचा स्पष्ट लेखी पुरावा मिळाला नाही, तर तो बदललेला नाही असेच समजावे. तोंडी खात्रीला येथे काहीही किंमत देऊ नये.

लक्षणांची वाट पाहणे हा दुसरा मोठा धोका. झाकण काढून बेल्टवर भेगा, चकाकी, उडालेले दात किंवा ऑइलचे डाग दिसले, तर निर्णय सोपा होतो. परंतु हल्लीच्या सुधारित रबराचे बेल्ट वरून ठीक दिसत असतानाही आतून संपलेले असतात, त्यामुळे ‘बेल्ट बघितला, चांगला आहे’ एवढ्यावर मुदत वाढवू नये. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगचा घरघराट, वॉटर पंपाच्या बाजूने कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) गळणे, किंवा बेल्टचा एखादा दात सरकल्यामुळे इंजिन अडखळत चालणे ही चिन्हे दिसली, तर गाडी त्याच आठवड्यात गॅरेजला न्यावी. जुन्या इनोव्हात टी-बेल्ट नावाचा दिवा लागतो, पण तो केवळ किलोमीटर मोजून लागतो. बेल्टची अवस्था त्याला कळत नाही, आणि काम न करता कोणी तो बंद करून ठेवला असेल तर तो काहीच सांगत नाही.

काम करताना केवळ बेल्ट बदलून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. बेल्टसोबत टेन्शनर आणि बेल्टला वाटेवर ठेवणाऱ्या आयडलर पुली बदलाव्यात, आणि ज्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो तिथे पंपही बदलावा. कॅम किंवा क्रँकचे ऑइल सील ओले दिसत असेल तर तेही याच वेळी, कारण ऑइल लागलेला नवा बेल्ट फार टिकत नाही. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्याचाच असतो. दोन वर्षांनी पंप अडकला, तर तेच सगळे पुन्हा उघडावे लागते आणि नवा बेल्ट वाया जातो.

खर्चाचे आकडे मी नागपुरातील साध्या पण अनुभवी गॅरेजांच्या हिशेबाने, मोटामोटी देतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते सव्वा ते दीडपट धरावेत. मारुती 800 किंवा अल्टो 800 सारख्या गाडीचे बेल्ट, टेन्शनर आणि मजुरी मिळून अडीच ते चार हजार रुपयांत होते. जुन्या सॅन्ट्रोला वॉटर पंपासह पाच ते सात हजार लागतात. डस्टर, फिगो, इकोस्पोर्ट यांच्या डिझेलला पूर्ण किट आणि पंप धरून दहा ते अठरा हजार, जुन्या इनोव्हाला साधारण आठ ते चौदा हजार, आणि पोलो-व्हेंटोच्या डिझेलला अठरा ते तीस हजारांपर्यंत खर्च जातो, कारण तिथे किटही महाग आणि शाफ्ट अडकवून ठेवण्याची खास हत्यारेही लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी 28 ऐवजी 18 टक्के झाला आहे, तेव्हा बिलात जुना दर लागलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. उलट बाजूला तुटलेल्या बेल्टचा हिशेब असा की आमच्या सॅन्ट्रोला टोचन, वॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट, लेथचे काम आणि मजुरी मिळून 23 हजार 600 रुपये लागले, आणि गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये होती. आधुनिक डिझेलमध्ये हाच आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो.

भाग विकत घेताना गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए अशा नावाजलेल्या कंपनीचे किंवा गाडीच्या कंपनीचेच बंद खोक्यातले किट घ्यावे, खोक्यावरचा क्रमांक आपल्या इंजिनाशी जुळवावा आणि पक्के बिल मागावे. नकली माल याच वस्तूत फार फिरतो, आणि वाचलेल्या पाचशे-सातशे रुपयांसाठी पूर्ण इंजिन पणाला लागते. घरी आणलेला बेल्ट दुमडून किंवा पीळ देऊन ठेवू नये; त्याने आतले काचतंतू तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

मिस्त्री निवडताना आपल्याच इंजिनाचे हे काम त्यांनी किती वेळा केले आहे, ते सरळ विचारावे. डिझेल असेल तर शाफ्ट अडकवण्याच्या खुंट्या त्यांच्याकडे आहेत का, हे पाहावे; व्हाइटनरने खुणा करून अंदाजाने बेल्ट चढवणाऱ्याकडे अशी गाडी देऊ नये. शक्य असेल तर बेल्ट बसवतेवेळी हजर राहावे आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. बेल्ट चढला, टेन्शनर बसला, की सेल्फ मारण्यापूर्वी चांगला मिस्त्री क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि क्रँक व कॅमच्या खुणा पुन्हा समोर येतात का ते तपासतो. फिरवताना कुठे कडक अटकाव जाणवला, तर तो जोर न लावता थांबतो आणि बेल्ट उतरवून पुन्हा जुळवतो. या पाच मिनिटांसाठी घाई करू नये, आणि मिस्त्रींनाही करू देऊ नये.

गाडी ताब्यात घेताना जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप परत मागावेत. बेल्ट हातात आला की दात असलेला टायमिंग बेल्टच बदलला गेला याची खात्री होते, कारण बहुतेक फॅन बेल्टच्या आतल्या बाजूला आडवे दात नसून लांबीभर खाचा असतात. बिलावर ‘टायमिंग बेल्ट’ असा पूर्ण शब्द, किटचा क्रमांक, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. हीच तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर पक्क्या शाईने लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. आमच्या सॅन्ट्रोत ती चिठ्ठी आजही आहे: जून 2019, 71 हजार 240. तिच्याच खाली दुसरी आहे, मार्च 2024 ची. दोन्हींमध्ये अंतर फक्त 29 हजार किलोमीटरचे असले, तरी वर्षे जवळजवळ पाच झाली होती.