मीडियम नितळ होतं, तरीही

नेट परीक्षेचा निकाल लागला, जेआरएफ म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप मिळाली, तेव्हा अवघड भाग संपला असं वाटलं होतं. मायकोप्लाझ्मा या अगदी बारीक बॅक्टेरियाला पेशीभित्तिका नसते, हा पर्याय मी झोपेतही बरोबर निवडला असता. त्याच मायकोप्लाझ्माने पुढे माझे आठ महिने खाल्ले.

माझा प्रश्न साधा होता. अमुक जीन बंद केला की कॅन्सरच्या पेशी सावकाश वाढतात का? जीन बंद केलेली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, शेजारच्या लॅबमधून आयती मिळाली; कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची जीन चालू असलेली लाइन, आमच्या फ्रीझरमधली. पहिल्याच ग्राफमध्ये दोन रेषा अशा फाकल्या की सर खूश, मी खूश. तीनदा केलं, तीनदा तेच. मग शंका कशाला घ्यायची?

रेषा फाकल्या होत्या, पण जीनमुळे नाही. आयत्या लाइनमध्ये मायकोप्लाझ्मा होता, कंट्रोलमध्ये नव्हता.

हे नीट समजून घ्या. साधे बॅक्टेरिया शिरले तर मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, गढूळ होतं, गुलाबीचं पिवळं पडतं, आपण फ्लास्क फेकून देतो. मायकोप्लाझ्मा असताना मीडियम नितळ राहतं. रोजच्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. आणि पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन) घातलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पेनिसिलिन पेशीभित्तिका बनू देत नाही; जिथे भित्तिकाच नाही तिथे ते काय करणार! मायकोप्लाझ्माच्या काही जाती मीडियममधलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात, पेशी उपाशी राहतात, वाढ मंदावते. म्हणजे मला हवा होता तोच निकाल.

शेवटी एका सीनियर ताईने कव्हरस्लिपवर (काचेच्या पातळ चकतीवर) होएक्स्ट स्टेन, म्हणजे डीएनए निळा चमकवणारा रंग, करून दाखवलं. गोल निळं केंद्रक दिसायला हवं होतं. इथे भाकरीभोवती पीठ सांडावं तसे बारीक निळे ठिपके. ती काहीच बोलली नाही, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

औषध देऊन लाइन बरी करता येते, कधीकधी होतेही. माझं मत विचाराल तर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत मारून, फेकून द्या. वाचवलेल्या लाइनवर पुन्हा विश्वास बसत नाही. बाहेरून आलेली प्रत्येक लाइन पीसीआरने तपासून होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तुमचे सर ‘आपल्याकडे कधी झालं नाही’ म्हणाले, तर शेवटची टेस्ट कधी झाली ते विचारा.

पीएचडीचा गाइड निवडताना मोठ्या नावाला भुलू नका. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठा, सर लॅबमध्ये किती वेळ असतात ते विचारा. फेलोशिप पाच वर्षांचीच. 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000, पण ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. घरी आधीच सांगून ठेवा.

घाबरू मात्र नका. आठ महिने गेले म्हणून पीएचडी गेली नाही. तेवढ्यात हात बसला होता, तेच प्रयोग पुन्हा करायला मला सात आठवडे लागले. कमिटीसमोर जुने ग्राफ स्वतःच खोडून दाखवले. ओरडा बसला, पण वाटला होता त्यापेक्षा कमी.

गेल्या महिन्यात आमची नवी ज्युनियर मैत्रिणीच्या लॅबमधून फ्लास्क घेऊन आली. मी तो दारातच अडवला आणि दोन आठवडे कोपऱ्यातल्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायला लावला. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.