एपिड्युरलशिवाय बाळंतपण: नववा लागायच्या आत करायची तयारी

एपिड्युरल म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून भूलतज्ज्ञ पाठीत कण्याजवळ देतात ती भूल; ती नसेल तेव्हाची ही तयारी. कपड्यांची आणि कागदपत्रांची यादी तुम्हाला दहा जणी देतील, ती इथे नाही. नववा लागायच्या आत दवाखान्यात जाऊन एक प्रश्न मात्र विचारून या: लेबर रूममध्ये माझ्यासोबत कोणाला येऊ देणार? माझ्या पहिल्या खेपेला हा विचारायचा राहिला. नवऱ्याने कंबर दाबायचं सगळं नीट शिकून घेतलं होतं, आणि त्याला दारातच थांबवलं, कारण आत शेजारच्या खाटांवर दुसऱ्या बायका होत्या. आई आली. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. कंबरेत नेमकं कुठे दाबायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि कळ चालू असताना मला सांगता येईना.

सरकारी रुग्णालयात सोबतीण ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. ती बाई हवी, स्वतः बाळंतपणातून गेलेली; नवऱ्याला प्रवेश पुरेसा आडोसा असेल तिथेच. खासगीत प्रत्येकाचा नियम निराळा. डॉक्टर ‘हो’ म्हणाल्या एवढ्यावर घरी येऊ नका, फाइलवर लिहून घ्या. रात्री दोनला तुमच्या डॉक्टर घरी असतात आणि दारात ड्युटीवरच्या सिस्टर असतात.

मग औषधांचं विचारा. चोवीस तास भूलतज्ज्ञ नसतील, तुमच्या प्लेटलेट कमी असल्याने एपिड्युरल देता येत नसेल किंवा तुम्हालाच ते नको असेल. कारण काहीही असो, तिथे बाकी काय मिळतं ते आधी कळायला हवं. काही ठिकाणी एन्टोनॉक्स म्हणजे गॅस असतो, निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन. असर व्हायला अर्धा-पाऊण मिनिट जातं, म्हणून कळ येतेय असं वाटताच ओढायला लागा. ती शिगेला पोचल्यावर ओढून हाती काही लागत नाही. मास्क स्वतःच धरायचा, प्रेमापोटीही दुसऱ्या कोणी धरायचा नाही. गुंगी जास्त झाली की आपला हात आपोआप खाली येतो, सुरक्षितता त्यातच आहे. गॅस नसेल तर ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिनचं इंजेक्शन. त्याने दुखणं जात नाही, बोथट होतं. झोप येते, मळमळतं. बाळ व्हायच्या दोन-तीन तास आधी दिलं गेलं तर बाळ सुस्त जन्मू शकतं, श्वास मंद असू शकतो. म्हणून टोचण्याआधी पिशवीचं तोंड किती उघडलंय ते तपासायला सांगा. ड्रोटाव्हेरिन पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून देतात, त्याच्यावर दुखणं थांबण्याची भिस्त ठेवू नका. आणि घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी शेवटच्या तीन महिन्यांत मनाने अजिबात घ्यायची नाही. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी त्याने वेळेआधीच आकसू शकते.

आता कंबर. बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असली की सगळी कळ तिथेच उतरते, आणि तेव्हा सोबतीणीचा हात फार मोठा आधार असतो. माकडहाडाच्या वर जे सपाट हाड लागतं, त्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, कोपर ताठ, आणि दंडाच्या जोराने न दाबता अंगाचा भार टाकायचा. दुसरा हात पुढून कमरेच्या हाडाला आधार म्हणून. कळ सुरू झाल्यापासून ओसरेपर्यंत दाब तसाच राहू द्यायचा. दाबताना तेल लावू नका, हात सटकतो. तुम्ही खुर्चीवर उलट्या बसा, खुर्चीच्या पाठीवर डोकं टेका, आणि रोज रात्री तालीम करा. पण कोणाबरोबर? जी आत येणार आहे तिच्याबरोबर! नवऱ्याबरोबर करून भागत नाही. आई येणार असेल तर आईबरोबर, जाऊबाई येणार असतील तर त्यांच्याबरोबर. आणि ऐन वेळी आईला ताप आला तर? दुसऱ्या एकीलाही शिकवून ठेवा, तिचंही नाव फाइलवर घाला.

लेबर रूमच्या न्हाणीघरात गरम पाणी येतं का ते बघून या. स्टुलावर बसून कंबरेवर तांब्या-तांब्याने ओतलेलं कोमट पाणी पुष्कळ काम करतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच लावा. हिंडाफिरायला देतात का तेही विचारा. उभं-चालतं राहिल्याने पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, साधारण तासाभराने कमी होतो. टेन्सचं यंत्र, म्हणजे कंबरेवर पट्ट्या चिकटवून विजेच्या हलक्या झिणझिण्या देणारं, फिजिओथेरपिस्टकडे मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर त्यामागे धावू नका. श्वासाचं सगळ्यांनी सांगितलेलंच असतं: सावकाश सोडा.

एक इशारा. दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडत नसेल, दुखणं सलग राहत असेल किंवा रक्त जात असेल, तर कंबर दाबत बसू नका, लगेच सिस्टरना बोलवा.

जोर लावायच्या वेळी खाली कोमट पाण्यात पिळलेला कपडा धरायला सांगा, खोल फाटण्याचा धोका कमी होतो. टाके भुलीचं इंजेक्शन देऊनच. सुई टोचल्याचं कळतंय तर बोला, पुन्हा देता येतं. नंतर बाळाला पाजताना पोटात कळा येतात, दुसऱ्या खेपेला जास्तच. त्यावर गोळी मिळते. मागून घ्या.