सांडवा ठेवणार नसाल तर बांध घालूच नका

पावसाळा तोंडावर आला की बांधबंदिस्ती उरकायची घाई सुरू होते. मशीन येतं, दोन दिवसांत शेताच्या चारी बाजूंनी माती ओढून जातं, मालक खूश. त्यातले बरेच बांध पहिल्याच दांडग्या पावसात फुटतात. माती कमी पडली म्हणून फुटलेला बांध मी क्वचितच पाहिला. बहुतेक ठिकाणी जादा पाण्याला बाहेर जायला वाटच, म्हणजे सांडवाच, नव्हता. नाहीतर होता, आणि कुणीतरी तो बुजवला होता.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण 4,000 लिटर पाणी. 50 मिलिमीटरची एक सर एकरी 2 लाख लिटर टाकते. वरच्या बाजूचं दहा एकर रान तुमच्याकडे उतरत असेल आणि निम्मंच पाणी वाहून आलं, तरी 10 लाख लिटर तुमच्या बांधाला येऊन टेकतात. मातीच्या बांधानं ते सगळं अडवावं ही अपेक्षाच चुकीची. त्यानं पाणी थोडं थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि उरलेलं सांडव्यातून शांतपणे पुढे द्यायचं.

बांध फुटतो कसा ते एकदा बघा. जिथे औत वळवून किंवा गाडी नेऊन माथा दबलेला असतो, तिथून आधी चार बोटं रुंदीची धार बाहेर पडते. वरून बघणाऱ्याला काही वाटत नाही. पण ती धार पलीकडच्या पायथ्याशी आपटते, तिथली माती भिजून ढेकूळ ढेकूळ सुटते आणि ही धूप मागे मागे सरकत माथ्याला भिडते. मग अडवलेलं सगळं पाणी एकदम सुटतं, खालच्या बांधावर जातं आणि तोही नेतं. वरचा एक फुटला की खालची रांगच जाते. हेक्टरभर रानातून एक मिलिमीटरचा थर गेला तरी सुमारे 13 टन माती गेली. ती सुद्धा वरची, कसदार.

म्हणून आधी सांडवा, मग बांध.

सांडवा बांधाच्या टोकाला, मूळच्या घट्ट जमिनीत कोरून काढा. नव्या भरावात कधीच नको. तिथे कितीही दगड रचा, खालची माती बसते आणि दगड लोंबकळतात. हलक्या-मध्यम जमिनीत समतल बांधाला, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीच्या रेषेवर घातलेल्या बांधाला, सांडव्याचा माथा जमिनीपासून साधारण 30 सें.मी. उंच ठेवतात. त्यावर 30 सें.मी. पाण्याची धार आणि वर 20 सें.मी. मोकळी जागा धरली की बांधाची बसलेली उंची निघते. ‘बसलेली’ हे विसरू नका: ओढलेली सैल माती 10 ते 25 टक्के खाली बसते, तेवढी उंची आधीच जास्त धरा.

भारी काळ्या जमिनीत पाणी साठवणारा समतल बांध घालूच नका. पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या पावसात त्याच भेगांतून फुटतो. तिथे 100 मीटरला 20 ते 40 सें.मी. असा हलका ढाळ देऊन पाणी बाजूला काढा आणि सांडवा जमिनीच्या पातळीवरच ठेवा.

रुंदीचं कोष्टक कृषी विभागाकडे मिळतं. मी मात्र कोष्टकात येईल त्याच्या दीडपट रुंदी सांगतो. याला शास्त्राचा आधार मागू नका, पण रुंद सांडव्यानं नुकसान झालेलं मला आठवत नाही. पातळी ठरवायला आणखी एक खूण वापरा: गेल्या वर्षीच्या पालापाचोळ्याची रेघ. पाणी कुठवर चढलं होतं ते कुंपणाच्या काट्यांना अडकलेला कचरा नेमकं सांगतो.

सांडव्यात हरळी असेल तर राहू द्या. शेतात शिव्या खाणारी हरळी इथे मात्र कामाची आहे. हल्ली बांध ‘स्वच्छ’ दिसावेत म्हणून तणनाशक मारतात. त्यानं सांडवा उघडा पडतो आणि वर्षाभरात त्याची घळ होते. सांडव्यात तुरीची ओळ, काटेरी फांद्या, दगडांचा ढीग, यातलं काहीच नको. सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरणार असेल तर त्याला आधीच सोबत नेऊन जागा ठरवा. रात्रीतून बुजवलेले सांडवे बहुतेक याच भांडणातले असतात.

बाकीची कामं थोडक्यात:

– नांगरट, वखरणी, पेरणी उताराला आडवी.
– 3 टक्के उतारावर दोन बांधांत साधारण 30 मीटर अंतर.
– भरावाची माती वरच्या अंगाची. माती काढल्याचे खड्डे सलग नकोत, मधे न खणलेली जागा सोडा.
– वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सें.मी.वर, बांधाला समांतर, पहिल्या ओलीवर.
– पेरणीनंतर महिन्याभरानं दर चार ते आठ ओळींनी मृत सरी, म्हणजे पाणी मुरायला काढलेली रिकामी सरी.
– काळ्या रानात रुंद वरंबा-सरी, 150 सें.मी.ची.
– पिकाचा काडीकचरा जाळू नका, आच्छादन करा.
– उंदीर-खेकड्यांची बिळं खोदून, माती चोपून बुजवा.

आता दुकानातल्या मालाबद्दल. या दिवसांत ‘पाणी धरणारी’ भुकटी, माती सुधारक, बांध पक्का करणारं द्रावण असलं बरंच काही गळ्यात मारलं जातं. यातल्या हायड्रोजेलला निदान आधार आहे. पुसा हायड्रोजेलची शिफारस एकरी 1 ते 2 किलो, तीही मुळांजवळ ओळीत. ते ओल धरतं. उतारावरून धावणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. द्रावण ओतून सैल माती घट्ट होत नाही. ती 15 सें.मी.च्या थरांनी ओलसर असताना चोपावी लागते. ते पैसे मजुरीला लावा.

मोठ्या पावसाचा अंदाज चार दिवसांवर असेल तर नवा बांध आता सुरू करू नका. न बसलेली माती पाण्यासोबत जाणारच. त्याऐवजी खताच्या रिकाम्या गोण्या दोन-तृतीयांश मातीनं भरा, दबलेल्या माथ्यावर विटांसारख्या सांधा मोडून रचा आणि सांडव्यातला अडथळा काढा. सांडव्याच्या पलीकडे जिथे पाणी पडतं तिथे दगडांचा थर द्या. एवढं एका दिवसात होतं.

पाऊस चालू असताना सुरक्षितपणे जाता येत असेल तर फावडं घेऊन जा, पण फुगलेल्या बांधावर चढू नका, कडेनं बघा. सांडवा वाहतोय आणि माथा कोरडा आहे, तर घरी या. माथ्यावरून धार निघाली असेल तर ती दाबत बसू नका. टोकाला घट्ट जमिनीत सांडवा आणखी वीतभर खोल करा. उघडीप मिळाली की पलीकडचा पायथा तपासा. तिथे गढूळ पाझर दिसला तर आत बीळ आहे असं समजा आणि पुढच्या सरीआधी ते खोदून काढा.