जलरंगात जुन्या मुंबईचा रस्ता: क्रॉफर्ड मार्केट, साल 1900

जुन्या रस्त्याचं चित्र बहुतेक वेळा माणसांपाशी फसतं. कमानी आणि खिडक्या पट्टी लावून जमून जातात, पण त्यांच्या पुढ्यात कुणी तरंगत असतो, कुणी खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. त्यामुळे पेन्सिल उचलल्यावर पहिली रेघ माणसांसाठी मारायची.

कागद पाव शीट, म्हणजे 15 × 11 इंच, आडवा. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शक्यतो सुती, मध्यम खरबरीत. ओला करून डिंकाच्या तपकिरी पट्टीने चारही बाजूंनी बोर्डावर ताणून घ्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. न ताणलेल्या कागदाला मोठ्या वॉशमध्ये (भरपूर पाण्यातल्या पातळ रंगाच्या थरात) पोक येतात, रंग त्यात साचतो आणि आकाशाला डाग पडतात.

आता खालच्या कडेपासून साडेचार इंचांवर हलकी आडवी रेघ मारा. ही नजरेची रेषा. पाहणारा सपाट रस्त्यावर उभा आहे असं धरलं, तर जवळचा असो की लांबचा, उभ्या पुरुषाचे डोळे याच रेषेवर येतात. बदलतात ते पाय. ज्याचे पाय कागदाच्या कडेपासून एक इंचावर, तो साधारण साडेतीन इंचांचा. त्याच्या दुप्पट लांबचा माणूस पावणेदोन इंचांचा, आणि त्याचे पाय रेषेखाली तेवढ्याच अंतरावर. बायकांचं डोकं किंचित खाली, मुलांचं बरंच खाली. व्हिक्टोरियाचा, म्हणजे घोडागाडीचा, गाडीवान उंच बसतो, म्हणून त्याचं डोकं जमिनीपासून शेजारच्या पादचाऱ्याच्या दीडपट उंचीवर घ्या. लांबची माणसं नुसती लहान केली आणि डोकी खाली सरकवली की रस्त्याला उतार लागतो. चित्रात काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही, तेव्हा दहात नऊ वेळा दोष हाच असतो.

मार्केटची इमारत 1869 मध्ये पूर्ण झाली. भिंती कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या, मधूनमधून वसईचा लाल दगड. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) जेमतेम बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळली की पहिल्या दगडाचा रंग मिळतो. दुसऱ्यासाठी लाइट रेड (विटकरी लाल) पुरे. सगळी इमारत घेण्याच्या मोहात पडू नका. एक कमान, एक कोपरा आणि पुढचा रस्ता एवढ्यात बाजार उभा राहतो.

साल एकदा ठरलं की ते पाळायचं. 1900 मध्ये घोड्यांची ट्राम चालते (ती 1874 पासूनची), विजेची ट्राम 1907 मध्ये आली. म्हणून वर तारा नकोत. गांधी टोपी 1920 च्या आसपासची. स्टीलची कळशी नको, तांब्या-पितळेची हवी. ताडपत्री निळी प्लास्टिकची नको, गोणपाट किंवा कापड. रस्ताही डांबरी काळा नको, धुळीचा फिकट तपकिरी ठेवा. शेजारच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांची पोस्टकार्डं आणि जलरंगातली माणसं पोशाखासाठी समोर ठेवावीत. माणूस कोण हे त्यांच्या चित्रात पागोट्यावरून आणि नेसण्यावरून लगेच कळतं.

साडेतीन इंचांच्या माणसाचं डोकं अर्ध्या इंचाचं. तेवढ्यात नाकडोळे काढत बसू नये, पागोट्याची बाह्यरेषा अचूक काढावी. पारशाची पगडी ताठ, चकचकीत आणि मागे कललेली. मराठ्याचं पागोटं वळ्यावळ्यांचं. गर्दीत हे दोन आकार वेगळे दिसले तरी निम्मं काम झालं.

टोपलीवाली जरा निगुतीने काढा. नऊवारीचा काष्टा मागे खोचलेला असतो, त्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात आणि पोटऱ्या उघड्या राहतात. सहावारीसारख्या पायघोळ निऱ्या काढल्या की ती बाई त्या काळातली राहत नाही, आणि ही चूक छापील कॅलेंडरांतही सर्रास दिसते. डोक्यावर आधी चुंबळ, मग टोपली. टोपलीचा मध्य, मान आणि ज्या पायावर भार आहे त्याची टाच एका उभ्या रेषेत हवी. रेषा मोडली तर टोपली पडणार असं वाटतं. एक हात टोपलीला, दुसरा मोकळा. मान ताठ.

माणसं सात ते नऊ, त्यातली तीनच मोठी. त्या तिघांत काहीतरी चाललेलं हवं: फळवाली, भाव करणारं गिऱ्हाईक, मध्ये घुटमळणारं पोर. बाकीची गर्दी त्यांच्यामागे, एकमेकांवर चढलेली, अर्धी झाकलेली. सगळी सुटी उभी केली तर बुद्धिबळाचा पट होतो.

रंगवताना पहिला वॉश आकाशापासून रस्त्यापर्यंत एकसलग, उबदार आणि फिकट. धोतरं आणि अंगरखे कोरे सोडा. वाळल्यावर लावलेला पांढरा रंग खडूसारखा निस्तेज दिसतो. वॉश अर्धवट ओला असताना त्यात पाणी पडलं तर फुलकोबीसारखे डाग उमटतात, तेव्हा पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. मग इमारत, त्यानंतर माणसं. एका मिश्रणात दोन रंग, फार तर तीन, त्यापुढे गढूळ.

सावल्या सगळ्यांत शेवटी, एकाच बैठकीत. ऊन नेमकं डावीकडून किंवा उजवीकडून धरलं तर सगळ्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात आणि हिशेब सोपा होतो. हिवाळ्यातल्या सकाळी सावली उंचीच्या दीडपट, म्हणजे साडेतीन इंचांच्या माणसाची सव्वापाच इंच. सावलीचा रंग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना यांचं मिश्रण, निळ्याकडे झुकलेलं, भरपूर पाण्यात. मोठ्या ब्रशने एकदाच फिरवा. पुन्हा घासलात तर खालचा रंग उचलला जातो आणि सावली मळकट होते. पायाला चिकटूनच सुरुवात करायची, केसाएवढी फट राहिली तरी माणूस परत हवेत. उन्हातल्या धोतराची सावलीकडची बाजू याच रंगाने, आणखी पातळ करून.

कावळे काढायचेच असतील तर दोन, पत्र्यावर किंवा टोपलीच्या आसपास. आकाशात नकोत.