नोकरी बदलताय? पीएफची कामं राजीनाम्याआधीच उरका

वेर्ण्याच्या एका औषध कंपनीतून दुसरीत जाणार असा, नाहीतर पुण्याची नोकरी सोडून घरी फोंड्याला परतणार असा, पीएफची कामं नोटीस पिरियड संपायच्या आत करून टाका. तोवर एचआरला तुमचा फोन उचलावाच लागतो. फुल अँड फायनल झालं की उचलतील तेव्हा खरं.

पहिलं काम यूएएनचं, म्हणजे पीएफच्या कायमच्या खातेनंबराचं. हा 12 आकडी नंबर जन्माचा एकच. नोकरीगणिक बदलतो तो मेंबर आयडी. गोव्यातला आयडी जीएजीओए या अक्षरांनी सुरू होतो, पुण्याचा पीयूपीयूएनने. नव्या ठिकाणी रुजू होताना पीएफची माहिती द्यायचा फॉर्म 11 पुढ्यात आला की त्यावर जुना यूएएन न विसरता लिहा. हॉटेलात सीझनपुरतं काम करणाऱ्यांनी आणि कंत्राटी कामगारांनी तर पीएफचं पासबुक उघडून आयडी मोजावेतच. कारखाना तोच, गेट तेच, पण कंत्राटदार बदलला की आयडी नवा, आणि मागच्या आयडीतली शिल्लक तिथेच पडून.

मग नाव. गोव्यात गाडं अडतं ते बहुतेक इथेच. देसाईंच्या स्पेलिंगमध्ये एस एक की दोन, गांवकरांत यू की ओ, जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाची अक्षरं आणि आधारवर शाळेतली. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं असलं तर विचारूच नका. आधार, पॅन, बँक आणि ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) हे चारही समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. जन्मतारीख आणि वडिलांचं नावही. ईपीएफओ चालते आधारवर, त्यामुळे आधार बरोबर असेल तर पीएफची नोंद त्याप्रमाणे करून घ्यायची. जन्मदाखला दुरुस्त करण्याच्या लांबलचक भानगडीत त्यासाठी पडायचं कारण नाही. यूएएन ऑक्टोबर 2017 च्या आधीचा असेल तर दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते. म्हणूनच हे खुर्ची सोडण्यापूर्वी.

शेवटच्या दिवशी एवढंच विचारा: ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कधी चढवणार? ती नसेल तर जुन्या आयडीतली शिल्लक नव्यात नेणं, म्हणजे ट्रान्सफर, पुढे सरकत नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाही ती भरता येते. मात्र ही तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेपुढे जाऊ देऊ नका.

आता मोहाचा भाग. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर असते, हात आखडलेला असतो, आणि कुणीतरी एजंट सांगतो, "पात्रांव, काढून टाका, मी करून देतो." माझं मत स्पष्ट आहे: नवी नोकरी हातात असताना पीएफ काढणं म्हणजे शेत विकून बियाणं घेणं. सलग 5 वर्षं सेवा झालेली नसताना पैसे काढले तर त्यावर कर लागतो आणि रक्कम 50 हजार किंवा जास्त असेल तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस आधीच कापला जातो. ट्रान्सफर केली तर मागच्या नोकरीची वर्षंही या पाचात धरतात. शिवाय ईपीएफओच्या दाव्याला फी नसते. एजंटला ओटीपी आणि पैसे दोन्ही कशाला द्यायचे?

पेन्शनची गोष्ट वेगळी आणि जास्त महत्त्वाची. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के ईपीएसमध्ये, म्हणजे पेन्शन योजनेत जातात, तेही 15 हजारांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1250 रुपये. मासिक पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. डिचोलीत 6 आणि कुंडईत 4 मिळून 10 होतात. पण मधे पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म 10सी भरून पहिल्या सहांचे पैसे उचललेत तर मोजणी पुन्हा शून्यापासून. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात जुन्या पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. पेन्शन सेवेच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते, तिथे पैसा नव्हे, सेवा पुढे जाते. ती गेली की नाही हे पोर्टलवरच्या सेवा इतिहासात (सर्व्हिस हिस्ट्री) तपासा. नवा पगार 15 हजारांच्या वर असला तरी आधीपासून ईपीएसचे सभासद असाल तर वर्गणी चालू राहायला हवी; फॉर्म 11 वर हे नीट सांगा, कारण पेरोलवाले इथे हमखास चुकतात.

नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने केलंय का, तेवढं बघा. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणारा 7 लाखांपर्यंतचा विमाही याच खात्याला जोडलेला आहे. ग्रॅच्युइटी मात्र ट्रान्सफर होत नाही, तिचा हिशोब जुन्या कंपनीशीच मिटवायचा.

नव्या कंपनीची पहिली वर्गणी पासबुकात दिसली की ट्रान्सफर आपोआप झाली का पाहा. झाली नसेल तर पोर्टलवरून 'वन मेंबर वन ईपीएफ' खाली अर्ज टाका. महिना-दोन महिने हललं नाही तर तक्रार ऑनलाइन नोंदवा, नाहीतर दर महिन्याच्या 27 तारखेला भरणारं 'निधी आपके निकट' शिबिर गाठा. 27 ला सुट्टी असेल तर ते पुढच्या कामाच्या दिवशी असतं. जाताना आधार, पॅन, जुनी सॅलरी स्लिप आणि रिलीव्हिंग लेटरच्या झेरॉक्स घ्या, आणि अर्जाचा ट्रॅकिंग आयडी कागदावर लिहून; तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.